शनिवारी पोचू नकोस!

परदेशात शिकायला जायचं म्हटलं की डोळ्यांसमोर लंडन, न्यू यॉर्क, म्युनिक येतं. पण आपल्यातले कित्येक जण प्रत्यक्षात पोचतात ते पंधरा हजार वस्तीच्या एखाद्या गावात. तिथे लोकल नसते, वडापाव नसतो आणि रविवारी दुधाची पिशवीही मिळत नाही. मानखुर्दच्या एका दादाचं जर्मनीतलं पहिलं वर्ष, आणि यंदा बॅग भरणाऱ्यांसाठी त्यातून निघालेल्या चार गोष्टी.

तुम्ही कधी शांततेमुळे रात्रभर जागे राहिलायत? आमच्या बिल्डिंगमधला दादा राहिलाय. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये तो मास्टर्स करायला जर्मनीला गेला. चौथ्या रात्री त्याचा फोन आला. तिथे रात्रीचा एक, इथे पहाटेचे साडेचार. मी डोळे चोळत फोन घेतला तर म्हणतो, "खिडकी उघड आणि फोन जरा बाहेर धर." मी धरला. सायन-पनवेल हायवेवरचे ट्रक, खालची दोन भांडणारी कुत्री आणि स्टेशनवरून सुटलेल्या लोकलचा भोंगा. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "हां. आता लागेल झोप."

मी तेव्हा हसले होते. पण गेलं वर्षभर त्याच्याशी, आणि त्याच्यामुळे ओळख झालेल्या तिथल्या आणखी काही मराठी मुलामुलींशी बोलताना कळलं की परदेशात जाण्याबद्दल आपण जे बोलतो ते सगळं विमानतळापर्यंतचं असतं. स्कोअर किती, व्हिसा आला का, लोन झालं का. विमान उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी काय, यावर कुणी बोलत नाही. म्हणून हा लेख.

आख्खं गाव, आपल्या दोन गल्ल्यांएवढं

दादा राहतो त्या गावाचं नाव क्लाउसटाल-सेलरफेल्ड. उच्चार जमला नाही तरी हरकत नाही, त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंना, अजून जमलेला नाही. त्या 'क्लासटाळ' म्हणतात आणि दादाने क्लास टाळला की काय, असं वाटून आम्ही हसतो.

उत्तर जर्मनीतल्या हार्झ नावाच्या डोंगराळ भागात हे गाव आहे. वस्ती जेमतेम चौदा-पंधरा हजार. २०११च्या जनगणनेत आपल्या एम-पूर्व वॉर्डाची लोकसंख्याच आठ लाखांवर होती, त्यावरून अंदाज करा. पूर्वी इथे चांदी, शिसं, जस्त यांच्या खाणी होत्या. खाणकाम शिकवायची शाळा १७७५ मध्ये निघाली, तिचंच पुढे तांत्रिक विद्यापीठ झालं. खाणींची यंत्रं पाण्यावर चालायची, त्यासाठी शेकडो वर्षांपूर्वी खोदलेले तलाव आणि कालवे अजून आहेत. २०१० पासून ते जागतिक वारसा यादीत आहेत. उन्हाळ्यात मुलं त्याच तलावांत पोहतात. गावात लाकडाचं एक प्रचंड चर्चही आहे. नाही ते रेल्वे स्टेशन. गावाची रेल्वे १९७६ मध्येच बंद झाली. गोस्लारला उतरायचं आणि तिथून बसने अर्धा-पाऊण तास घाट चढायचा.

मग हार्बर लाइनवर वाढलेल्या मुलाने स्टेशनच नसलेलं गाव का निवडलं? उत्तर एका शब्दात: पैसा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते. अपवाद आहेत, उदाहरणार्थ बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला दीड हजार युरो पडतात. पण फी नाही म्हणजे फुकट नाही. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे ११ हजार ९०४ युरो आधीच एका ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकावे लागतात. म्हणजे अकरा-बारा लाख रुपये. हे पैसे आपलेच असतात, पण महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला मोठा वाटा खोलीच्या भाड्यातच जातो. दादाला इथे तीनशे युरोच्या आत हॉस्टेलची खोली मिळाली.

शिष्यवृत्तीचं म्हणाल, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. पण तिच्या जागा वर्षाला ७५, आणि जागतिक क्रमवारीत वर असलेलीच विद्यापीठं चालतात. छोट्या गावातली विद्यापीठं त्या यादीत सहसा बसत नाहीत. राहता राहिलं कर्ज. आमची घरं प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनातली. एका बँकेत सांगितलं, हे घर तारण म्हणून चालणार नाही. शेवटी विनातारण जेवढं मिळतं तेवढं कर्ज, काकांची भिशी, आत्याचे दागिने आणि दादाने दोन वर्षं नोकरी करून साठवलेले पैसे, असं करून आकडा गाठला. काका रिक्षा चालवतात. ते नुसतं म्हणाले, "फी नाही ना? मग बाकीचं बघू."

जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीय सगळ्यात जास्त आहेत. २०२३-२४च्या हिवाळी सत्रात त्यांची संख्या ४९ हजारांच्या वर होती. त्यातल्या अनेकांच्या घरची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असणार.

पहिला रविवार

दादा शनिवारी रात्री पोचला. फ्रँकफर्टला उतरला, गॉटिंगनला गाडी बदलली, गोस्लारहून शेवटची बस पकडली. खोलीची चावी मिळाली, झोपला. रविवारी सकाळी उठून दूध, ब्रेड आणायला बाहेर पडला तर सगळं गाव बंद. सुपरमार्केट बंद, किराणा बंद, रस्त्यावर माणूस नाही. त्याला खरोखर वाटलं, काहीतरी झालंय. कर्फ्यू वगैरे.

झालं काहीच नव्हतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंदच असतात, हा तिथला कायदा आहे. मोठ्या शहरांत निदान रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात. पण इथे मुळात स्टेशनच नाही! तो दिवस दादाने काकूंनी दिलेल्या चिवड्यावर आणि नळाच्या पाण्यावर काढला. नळाचं पाणी थेट पिता येतं हेही त्याला माहीत नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या इराणी मुलाने दुपारी दार वाजवून भात दिला, तेव्हा कळलं.

आपल्याकडे रात्री साडेअकराला मीठ संपलं तर समोरचा वाणी शटर अर्धं वर करून देतो. तिथे मीठ शनिवारी आठवावं लागतं. हे छोटं वाटतं, पण दादा म्हणतो, पहिल्या दोन महिन्यांत माणूस जे शिकतो ते हेच: पुढचं आधी आठवायचं.

दारावर नाव लावलं का?

मानखुर्दला आमच्याकडे पोस्टमन येतो तो नुसतं "अमक्याची मुलगी ना तू?" म्हणून पत्र हातात देतो. दादाचं बँकेचं कार्ड तीन आठवडे आलं नाही. पिन नाही, इन्शुरन्सचं पत्र नाही. चौकशी केली तर कळलं, पत्रपेटीवर आणि बेलवर त्याचं नावच लावलेलं नव्हतं. जर्मनीत नाव नसेल तर पत्र परत जातं. मग पत्ता कितीही बरोबर असो. वहीतल्या कागदावर मोठ्या अक्षरांत आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवलं, आणि आठवड्याभरात पत्रांचा ढीग लागला.

त्या देशात अजूनही किती गोष्टी कागदावर चालतात ते ऐकून आपल्याला आश्चर्य वाटतं. पोचल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत जाऊन 'आनमेल्डुंग' करायचं, म्हणजे मी इथे राहतो अशी नोंदणी. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म हवा. ही नोंदणी नाही तर पुढची बहुतेक कामं अडतात. शिवाय टीव्ही असो वा नसो, प्रत्येक घरामागे महिन्याला १८ युरो ३६ सेंट प्रसारण शुल्क. पाच जण एका फ्लॅटमध्ये असाल तर एकानेच भरायचं आणि बाकीच्यांनी वाटून द्यायचं. हे माहीत नसल्यामुळे दादाच्या ओळखीच्या दोघांनी एकाच घराचं दोनदा भरलं होतं.

कचऱ्याचे डबे आणि आपलं देवनार

आता ही गोष्ट ऐका. दादाच्या हॉस्टेलखाली वेगवेगळ्या रंगांचे डबे आहेत. कागद निळ्यात, पॅकिंगचं प्लास्टिक पिवळ्यात, ओला कचरा तपकिरीत, उरलेलं काळ्यात. काचेच्या बाटल्या आणखी वेगळ्या, त्याही पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगाप्रमाणे. आणि त्या रविवारी टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो!

पहिल्या आठवड्यात दादाने चहाचा चोथा पिवळ्या डब्यात टाकला. एका आजींनी वरच्या खिडकीतून पाहिलं. त्या खाली आल्या, आणि न रागावता, हाताला धरून त्याला एकेक डबा दाखवला. दादाला जर्मन येत नव्हतं, आजींना इंग्रजी. तरी समजलं.

मला हे सांगताना तो बराच वेळ गप्प होता. आम्ही लहानपणापासून देवनारच्या डम्पिंगचा वास घेत वाढलोय. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. २०१६च्या जानेवारीत डम्पिंगला मोठी आग लागली होती, तेव्हा शाळेत जाताना तोंडाला रुमाल बांधल्याचं मलाही आठवतं. जर्मनीत प्रक्रिया न केलेला घरचा कचरा जमिनीवर टाकायला २००५ पासून बंदी आहे. दादा मटेरियल सायन्स शिकतोय, त्याला पुढे रिसायकलिंगमध्येच काम करायचंय. "हे डबे बघून ठरवलं," असं म्हणाला.

रिकाम्या बाटल्यांची मजाही त्यानेच सांगितली. पाण्याची बाटली घेताना २५ सेंट जास्त घेतात. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातली की तेवढ्याची चिठ्ठी परत मिळते. याला 'फांड' म्हणतात. मंडाळ्याच्या भंगार बाजाराशेजारी वाढलेल्या मुलाला हे समजावून सांगावं लागलं नाही. हॉस्टेलच्या पार्टीनंतर बाटल्या गोळा करायला हाच पहिला.

कुकरची शिट्टी

काकूंनी हौसेने तीन लिटरचा कुकर दिला होता. पहिल्या शिट्टीला कॉमन किचनमध्ये बसलेली एक मुलगी ओरडत बाहेर पळाली. दुसऱ्या दिवशी मिरचीच्या फोडणीने स्मोक अलार्म वाजला आणि आख्खा मजला खाली उभा. दादाने त्या संध्याकाळी सगळ्यांना खिचडी खाऊ घातली. आता शिट्टी झाली की तीच मुलगी ताट घेऊन येते.

पण शांततेचा नियम मात्र गंमत म्हणून घेऊ नका. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नाही. रविवारी दिवसभर ड्रिल नाही, जोरात गाणी नाहीत. आपल्याला हा जाच वाटतो. दादा म्हणतो, पहिल्या महिन्यात मलाही वाटला. नंतर लक्षात आलं की आयुष्यात पहिल्यांदा सलग चार तास अभ्यास होतोय. इथे तो परीक्षेच्या आधी कानात कापूस घालून जिन्यात बसायचा.

आणखी एक सवय म्हणजे खिडकी उघडायची. बाहेर शून्याखाली असलं तरी दिवसातून दोनदा-तीनदा पाच मिनिटं खिडक्या सताड उघडायच्या, नाहीतर भिंतींना बुरशी येते आणि डिपॉझिट कापलं जातं. मुंबईत पावसाळ्यात आपल्या भिंतींचं काय होतं ते आठवा, म्हणजे पटेल.

चार वाजता रात्र

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. आपल्यातलं आणि त्यांच्यातलं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. नोव्हेंबरात बर्फ पडला तेव्हा दादाने शंभर फोटो पाठवले. डिसेंबरात एकही नाही.

डिसेंबरात तिथे चार-सव्वाचारलाच सूर्य मावळतो. लेक्चर संपवून बाहेर यायचं तर काळोख. खोलीत यायचं, दिवा लावायचा, लॅपटॉप उघडायचा. बोलायला कोण? अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी गाव जर्मन बोलतं. बेकरीत, बसमध्ये, डॉक्टरकडे, सगळीकडे. ए-१ची परीक्षा पास होऊन गेलेल्या दादाला समोरचा माणूस नेहमीच्या वेगाने बोलला की एक शब्द कळायचा नाही.

इथेच छोट्या गावाचं दुसरं तोंड दिसतं. भाडं स्वस्त, पण काम नाही. नियमाने विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. २०२५ मध्ये किमान वेतन तासाला १२ युरो ८२ सेंट होतं, ऐकायला छान वाटतं. पण काम द्यायला कुणीतरी हवं ना! विद्यापीठातल्या मोजक्या जागा जुन्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या. दुकानात काम हवं तर जर्मन हवं. दादाला शेवटी डोंगरातल्या एका हॉटेलात शनिवार-रविवार खोल्या साफ करायचं काम मिळालं. एका शनिवारी शेवटची बस चुकली. नऊ किलोमीटर तो बर्फातून चालत आला. ते त्याने घरी सांगितलं नाही.

आणि मग परीक्षा. आपल्याकडे एटीकेटी असते, एखादा विषय राहिला तर पुढच्या वेळी सोडवू असं आपण सहज म्हणतो. जर्मनीतल्या बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीनच संधी मिळतात. तिसऱ्यांदाही राहिलात तर ती पदवी तिथेच संपते. मग तो विषय घेऊन दुसऱ्या विद्यापीठातही जाता येत नाही. गुणही उलटे, १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. दादाने उत्साहात सहा विषयांची नोंदणी केली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन विषयांत ५.० आले.

"सगळं ठीक आहे"

आता जे सांगतेय ते दोन्ही घरांना विचारून सांगतेय.

फेब्रुवारीत इकडे काकांच्या छातीत दुखलं. रिक्षा बाजूला लावून तेच बसले रस्त्याकडेला. हॉस्पिटल, अँजिओप्लास्टी, आठ दिवस. काकूंनी आम्हा सगळ्यांना शपथ घातली, पोराला सांगायचं नाही, त्याची परीक्षा आहे. व्हिडीओ कॉल आला की काकू कॅमेरा भिंतीकडे करायच्या, "बाबा रिक्षा घेऊन गेलेत." तिकडे दादा दोन विषयांत नापास झालेला, खात्यात पैसे संपत आलेले, आठवडाभर खोलीबाहेर न पडलेला. तोही म्हणायचा, "सगळं ठीक आहे."

म्हणजे महिनाभर दोन्ही बाजूंनी रोज वीस मिनिटं बोलणं चालू होतं आणि त्यात खरं वाक्य एकही नव्हतं.

फुटलं कुठून? माझ्याकडून. एके रात्री दादाने सहज विचारलं, बाबांचा आवाज बारीक का येतो? मला खोटं बोलता आलं नाही. तो काही बोलला नाही, फोन ठेवला. दोन दिवस फोन बंद. काकूंनी मला काय ऐकवलं ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. काकांनी स्वतः घेतला. दादाने नापास झाल्याचं सांगितलं. काका म्हणाले, "मी पण एकदा नापासच झालो की रे, हार्टमध्ये. दुरुस्ती करून घेतली. तू पण कर."

त्यानंतर दादाने विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे वेळ घेतली. ही सोय विद्यार्थ्यांना मोफत असते, आणि तिथे जाणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे. हॉटेलचं काम महिनाभर थांबवलं. पुढच्या सत्रात सहाऐवजी चारच विषय घेतले. आणि घरात एक नियम झाला. रोज फोन नाही, आठवड्यातून एकदा, रविवारी. त्या दिवशी 'ठीक आहे' हा शब्द चालणार नाही. एक चांगली आणि एक वाईट गोष्ट दोन्ही बाजूंनी सांगायचीच.

तुमच्याही घरी असं करा. भाजी-पोळी काय खाल्लं हे विचारायला सगळेच असतात. "गेल्या आठवड्यात सगळ्यात वाईट काय झालं?" हे विचारणारं एक माणूस तरी हवं.

आपल्याआधी गेलेले

मध्ये मी आनंदीबाई जोशींबद्दल वाचत होते. १८८३च्या जूनमध्ये त्या बोटीने न्यू यॉर्कला उतरल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. पुढे शिकल्या फिलाडेल्फियात, पण अमेरिकेतलं त्यांचं पहिलं घर होतं रोझेल नावाच्या न्यू जर्सीतल्या छोट्या गावात, पत्रांतून मावशी झालेल्या कार्पेंटरबाईंकडे. ११ मार्च १८८६ला त्या डॉक्टर झाल्या, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेल्या. माझ्या वयाच्याही झाल्या नव्हत्या. त्यांची घरून आलेली पत्रं पोचायला आठवडेच्या आठवडे लागायचे. आपल्याला सेकंद लागतो, तरी खरं बोलायला महिना लागला.

बाबासाहेबांचं कोलंबिया आणि लंडन आपल्याला माहीत असतं. त्यांनी १९२१ मध्ये जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव नोंदवलं होतं, हे दादामुळे कळलं. यंदा १४ एप्रिलला हॉस्टेलच्या किचनमध्ये त्याने फोटो ठेवून मेणबत्ती लावली. इराणी, नायजेरियन, जर्मन असे नऊ जण जमले. हे कोण, असं विचारल्यावर याच एका गोष्टीपासून त्याने सुरुवात केली, की हे इथे शिकायला आले होते.

आणि एक योगायोग. दादा दहावीत असताना काकूंना टीबी झाला होता. आमच्या मानखुर्द-गोवंडी पट्ट्यात हा आजार कुणाला नवा नाही. सहा महिने औषधं घेऊन त्या बऱ्या झाल्या. क्षयाचा जंतू शोधल्याचं २४ मार्च १८८२ला बर्लिनमध्ये जाहीर करणारे रॉबर्ट कॉख १८४३ मध्ये जन्मले ते याच क्लाउसटालला. गावातल्या शाळेला त्यांचं नाव आहे. दादाने त्या पाटीचा फोटो काकूंना पाठवला. काकूंनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मग गाव चांगलंच असणार."

बॅग भरताना

दादा आणि त्याच्या मित्रमैत्रिणींनी सांगितलेल्या, कुठल्याही एजंटने न सांगितलेल्या गोष्टी:

- सोमवार ते गुरुवारात पोचा. कार्यालयं उघडी असतात, दुकानंही. शनिवारी नकोच.
- दोन दिवसांचं खाणं हातातल्या बॅगेत ठेवा. आल्या आल्या पत्रपेटीवर नाव चिकटवा, पासपोर्टवर आहे तसंच.
- जाड जॅकेट आणि बर्फाचे बूट मुंबईतून नेऊ नका. तिथे घ्या, सेकंडहँडही चांगले मिळतात. ती जागा मसाल्यांना आणि चष्म्याच्या जादा जोडीला द्या.
- थोडे युरो रोख ठेवा. आपल्यासारखं सगळीकडे क्यूआर कोड नाही. लहान बेकरीत, बसमध्ये रोखच लागू शकते.
- जर्मन ए-२ तरी इथूनच करून जा. छोट्या गावात भाषा म्हणजे नोकरी.
- ब्लॉक्ड अकाउंटच्या पलीकडे दोन-तीन महिन्यांचे पैसे हाताशी ठेवा. आरोग्य विम्यालाच महिन्याला सव्वाशे ते दीडशे युरो जातात. काम पहिल्या महिन्यात मिळेल असं धरू नका.
- परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, तिची तारीख चुकवू नका. पहिल्या सत्रात कमी विषय घ्या.
- ११२ हा तातडीचा नंबर. रात्री-अपरात्री ताप आला, पण ॲम्ब्युलन्सइतकं गंभीर नाही, तर ११६११७.
- हिवाळ्यात दुपारी अर्धा तास उजेडात चाला. गावातल्या एखाद्या क्लबात नाव घाला. फुटबॉल, गिर्यारोहण, गाणं, काहीही. शहरात मराठी मंडळं मिळतील, गावात तुम्हालाच माणसं जोडावी लागतील.

गोस्लार स्टेशनवर

ऑगस्टमध्ये दादाने राहिलेल्या दोन विषयांची परीक्षा पुन्हा दिली. एकात २.७ आले. दुसऱ्याचा निकाल अजून लागायचाय. ही त्याची दुसरी संधी आहे, तिसरी शिल्लक आहे. तरी गेल्या रविवारच्या फोनवर 'वाईट गोष्ट' म्हणून त्याने सांगितलं, की झोप लागत नाही. मी विचारलं, फोन खिडकीबाहेर धरू का? म्हणाला, नको, आता आवाजाने झोपमोड होईल.

यंदा ऑक्टोबरात लल्लूभाई कंपाउंडमधला एक मुलगा त्याच विद्यापीठात चाललाय. त्याच्या आईने काकूंना गाठून विचारलं, तिकडे आपलं कोणी आहे का? काकूंनी कुणाला न विचारता सांगून टाकलं, "आहे ना, आमचा आहे." मग रात्री दादाला फोन करून कळवलं.

दादाने त्या मुलाचं तिकीट मागवून पाहिलं. शनिवार रात्रीचं होतं. त्याने ते मंगळवारचं करायला लावलंय. दुपारी गोस्लार स्टेशनवर तो स्वतः उभा असणार आहे. डब्यात खिचडी घेऊन.